लग्नाच्या फोटोग्राफीवर घर चालवायचं असेल तर: तारखा, रेट, काम आणि वसुलीचं गणित

"दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" हा प्रश्न खरं तर चौथ्या-पाचव्या नंबरला यायला पाहिजे, पण विचारणारे सगळे तिथूनच सुरू करतात. एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर असलेला, डिप्लोमा अर्धवट सुटलेला, वडिलांचं झेरॉक्सचं दुकान असलेला, कुणीही असो, इन्स्टावर चार रील्स बघितल्या की वाटतं आपण पण करू, आणि करता येतं, त्यात खोटं काही नाही. मी कराड, पाटण, विटा या पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरी करतो. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या टीमचं आणि डेस्टिनेशन वेडिंगवाल्यांचं गणित वेगळं, ते त्यांना विचारा. इथे जे लिहितोय ते तालुक्याच्या गावातल्या माणसासाठी, ज्याला दर महिन्याला घरात पैसे द्यायचेत आणि कॅमेऱ्याचा हप्ता पण भरायचाय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. या धंद्यात तुमचा स्वतःचा नफा पार्टीकडून, म्हणजे लग्नघराकडून, येणाऱ्या शेवटच्या पैशात असतो, आणि लोकांचा बुडतो तो पण नेमका शेवटचाच पैसा. उत्तम फोटो काढून दुकान बंद केलेली माणसं मी बघितलीत, आणि जेमतेम फोटो काढून दोन मजली घर बांधलेली पण बघितलीत.

१. आधी पंचांग उघडा

नवीन दाते पंचांग किंवा कालनिर्णय बाजारात आलं की विवाहमुहूर्ताचं पान काढायचं आणि पुढच्या वर्षाच्या तारखा वहीत उतरवून घ्यायच्या. आपला सीझन तुळशीचं लग्न लागलं की सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की संपतो, मधे पौषात बरीच घरं लग्न धरत नाहीत, आणि गुरू-शुक्राचा अस्त असेल तर नेहमीचे मुहूर्तच मिळत नाहीत. २०२४ चे मे-जून आठवा, दोन्ही अस्ताला गेले आणि ऐन सुट्टीतला सीझन आडवा झाला, काहींनी काढीव मुहूर्तावर उरकलं, बाकीच्यांनी आधीच्या तारखांना गर्दी केली. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे परत मे महिन्यालाच कात्री. ही गोष्ट बरीच आधी कळते, त्यामुळे हप्ता ठरवताना असे महिने सरळ शून्य धरायचे. फायनान्सवाल्याला अधिक महिना कळत नाही.

दुसरं म्हणजे मोठी तीथ. एकाच दिवशी सगळ्या तालुक्यात लग्नं, त्या दिवसासाठी तुम्हाला पाच फोन येतील आणि ऑर्डर एकच घेता येईल. शिवाय हळद धरून एका लग्नाला दोन दिवस जातात, लागून आलेल्या तारखा एकमेकींना खातात. पानावर मुहूर्त कितीही दिसोत, नवीन माणसाने दोन-तीन वर्षांत वर्षाला ३० लग्नांपर्यंत मजल मारली तर छान चाललंय समजायचं. हा ३० चा आकडा लक्षात ठेवा, रेट काढताना लागणार आहे.

२. एक पूर्ण सीझन दुसऱ्याच्या हाताखाली

यूट्यूबवरून एक्स्पोजर शिकता येतं, पुण्याच्या एफटीआयआयचे (फिल्म इन्स्टिट्यूटचे) छोटे कोर्स असतात तेही जमत असेल तर करा, पण लग्नात कुठल्या वेळी कुठे उभं राहायचं हे कोर्समध्ये कुणी सांगत नाही. देवक कधी, सीमांत पूजनाला कोण कोणाला भेटतं, कानपिळीला नवरीचा भाऊ कुठून येणार, लाजाहोमात लाह्या ओंजळीतून सुटण्याचा क्षण, झाल कोणाच्या डोक्यावर धरतात, हे पाठ पाहिजे. आणि दर समाजात, दर गावात क्रम थोडा बदलतो, त्यामुळे वीसेक लग्नं नुसती लाईट धरून केली तरी फायदाच.

या वर्षात पैसे कमी मिळतात पण ओळखी होतात, आणि पहिली दोन वर्षं तुमची निम्मी कमाई दुसऱ्या फोटोग्राफरनी दिवसाच्या रेटवर बोलावण्यातूनच येणार आहे. म्हणून काही गोष्टी पाळायच्या. ज्याची ऑर्डर त्याचं मेमरी कार्ड, रात्री निघताना ते त्याच्या हातात. त्याला विचारल्याशिवाय त्या लग्नाचा एक फोटो पण स्वतःच्या पेजवर टाकायचा नाही. नवरीच्या भावाने परस्पर नंबर मागितला तर मालकाचंच व्हिजिटिंग कार्ड द्यायचं. हे मोडणाऱ्याचं नाव आठवड्यात सगळ्या ग्रुपवर फिरतं आणि मग मोठ्या तिथीला पण फोन येत नाही.

३. आता कॅमेरा

सुरुवातीला भाड्याने घ्या, सांगली-कोल्हापूर-पुण्यात रेंटलवाले आहेत, सीझनला आधी सांगून ठेवावं लागतं एवढंच. घ्यायचाच झाला तर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, आणि दोन कार्ड स्लॉट असलेलीच बॉडी, यात तडजोड नाही. कार्ड करप्ट झालं तर सप्तपदी परत घालायला सांगता येत नाही. सोनी ए सेव्हन थ्री २०१८ ची आहे, आज जुनी झाली तरी लग्नाला आरामात चालते आणि सेकंडहँडला भरपूर मिळते. कॅनन, निकॉनवाल्यांनी पण असंच एक पिढी मागचं बघावं.

सेकंडहँड घेताना मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजारात चक्कर मारा किंवा ओळखीतून घ्या, पण तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती क्लिक झालेत ते बघा, या वर्गातल्या कॅमेऱ्यांना कंपन्या साधारण दीड ते दोन लाख क्लिक सांगतात, आणि लग्नात दोन दिवसांत तीन-चार हजार क्लिक सहज होतात, म्हणजे लाखावर गेलेली बॉडी किती लग्नं टिकेल तुम्हीच बघा. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग दिसतात का ते पाहा. फ्लॅश लावून हॉटशू (वरची फ्लॅश बसवायची खाच) हलवून बघा, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड टाकून बघा.

लेन्समध्ये २४-७० एफ २.८ ही पहिली, पोट भरणारी तीच. मग ८५ एफ १.८, स्वस्त आणि कॅन्डिडला, म्हणजे पोझ न देता टिपलेल्या फोटोंना, बास. ७०-२०० भाड्याने. दोन फ्लॅश, ट्रिगर, एक सॉफ्टबॉक्स, गोडॉक्ससारख्या स्वस्त कंपनीचं घेतलं तरी काम होतं. बॅटऱ्या चार. एवढ्यात काम सुरू होतं, गिंबल आणि बाकी खेळणी नंतर.

पैशासाठी मुद्रा योजना आहे, शिशुमध्ये ५०,००० पर्यंत आणि किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तारण मागत नाहीत. बसत असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना पण चौकशी करण्यासारखी आहे. बँक डीलरचं कोटेशन मागणार, म्हणजे कर्जावर नवीनच घ्यावा लागणार हे धरून चला. आणि सामानाचा विमा काढा. मंगल कार्यालयात नवरदेवाच्या खोलीत बॅग ठेवून जेवायला गेलं की काय होतं हे या लाईनमधल्या प्रत्येकाला माहितीय.

४. रेट कसा काढायचा

इथे बहुतेक जण शेजारच्या स्टुडिओचा रेट विचारतात आणि त्यातून पाच हजार कमी करतात. तसं करू नका, एक कागद घ्या. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे टाका.

समजा हळद आणि लग्न मिळून ६०,००० चं पॅकेज दिलं. कॅन्डिड तुम्ही स्वतः. ट्रॅडिशनल (विधी आणि पाहुण्यांचे नेहमीचे) फोटोवाला दोन दिवसांचे ७,०००, ट्रॅडिशनल व्हिडिओवाला ८,०००, लग्नाच्या दिवशी सिनेमॅटिकवाला (सिनेमासारखा व्हिडिओ काढणारा) ८,०००. अल्बमचं प्रिंटिंग ९,०००, डिझायनिंग २,०००, व्हिडिओ मिक्सिंग ६,०००, गाडी-डिझेल ३,०००, पेनड्राइव्ह आणि किरकोळ १,०००. झाले ४४,०००. राहिले १६,०००. आता सामान ४ लाखांचं आहे आणि चार वर्षांनी बदलावं लागणार, म्हणजे वर्षाला १ लाख, ३० लग्नांत वाटले की एका लग्नावर साधारण ३,३००. दुकानाचं भाडं-लाईट महिन्याला ६,०००, ते एका लग्नावर २,४०० पडतं. हातात उरले १०,३००. तीस लग्नांचे ३ लाख ९ हजार, म्हणजे महिन्याला पंचवीस हजारांच्या थोडं वर.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन दिवसांत साठ हजार कमावले. घरच्यांना पण वाटतं, त्यांना हा कागद एकदा दाखवाच.

आता नवरीचे वडील म्हणतात, "घरचंच कार्य आहे भाऊ, जरा सांभाळून घ्या, पंचावन्नमध्ये करा." त्यांच्या दृष्टीने पाच हजार म्हणजे साठातले पाच. तुमच्या दृष्टीने दहातले पाच. रेट कमी करायचाच असेल तर काम पण कमी करायचं, "काका, पंचावन्नमध्ये करतो, अल्बमच्या शीट कमी करू आणि सिनेमॅटिकऐवजी साधं हायलाइट घेऊ." दहापैकी सहा वेळा काका साठवरच येतात, कारण अल्बम त्यांना जाडच पाहिजे असतो.

५. बोलणी, ॲडव्हान्स आणि दोन पानी कागद

बोलणीला एकटा नवरदेव आला तर पूर्ण बोलू नका. प्री-वेडिंग आणि रील त्याला पाहिजे असतात, पैसे वडील देणार असतात, आणि अल्बम बघून नावं ठेवणार आत्या. शक्यतो घरी जाऊन बसा, चहा घ्या, छापलेला अल्बम हातात द्या. मोबाईलवर फोटो दाखवले तर लोक रेट पण मोबाईलएवढाच धरतात.

कागदावर काय पाहिजे: तारखा आणि किती वाजता ते किती वाजेपर्यंत. टीममध्ये माणसं किती. अल्बमची साईझ, १२ बाय ३६ असेल तर तसं, शीट किती, कागद कुठला, साधा ग्लॉसी की एनटीआर (न फाटणारा). ज्यादा शीटचा रेट. डिलिव्हरी किती दिवसांत. रॉ फाईल (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाईल) देणार की नाही. टीमच्या जेवणाची आणि लांब असेल तर मुक्कामाची सोय कोणाकडे, हे लिहाच, नाहीतर चार वाजता पंगत उठल्यावर आचारी म्हणतो भात संपला. आणि तारीख पुढे गेली तर काय. आपल्याकडे घरात कोणी गेलं, सुतक आलं की लग्न पुढे ढकलतात, त्यात कोणाचाच दोष नसतो, तेव्हा पैशावरून वाद घालायला तोंड पण उघडत नाही. मी असं लिहितो की सुतकामुळे तारीख बदलली तर ॲडव्हान्स नवीन तारखेला धरला जाईल, मी मोकळा असेन तर, आणि पार्टीने दुसऱ्या कारणाने रद्द केलं तर ॲडव्हान्स परत नाही.

पैसे चार टप्प्यांत. बुकिंगला २० टक्के, हे आल्याशिवाय वहीत तारीख पक्की लिहायची नाही, मग तो सख्खा मित्र का असेना. हळदीच्या दिवशी सकाळी कॅमेरा बाहेर काढायच्या आधी ५० टक्के. फोटोंचा पेनड्राइव्ह देताना २० टक्के. अल्बम हातात देताना उरलेले १०. वरच्या उदाहरणात पेनड्राइव्हपर्यंत ५४,००० येतात, म्हणजे टीम, लॅब, गाडी सगळं भागून तुमच्या वाट्यातले पण बरेचसे सुटलेले असतात, अडकले तर ६,००० अडकतील. उलट लोक काय करतात, लग्नापर्यंत निम्मे घेतात आणि बाकी "अल्बमला द्या" म्हणतात, म्हणजे टीमचे पैसे खिशातून भरले आणि स्वतःचा नफा पार्टीच्या कपाटात ठेवून आले.

कागदावर सही करायला लाजत असतील तर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "मान्य आहे" असं उत्तर मागून घ्या. नंतर कामाला येतं.

६. प्रत्यक्ष लग्न

सकाळी टीम जमली की पहिलं काम सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकसारखी करणं. पाच मिनिटांचा फरक असला तर नंतर चार हजार फोटो वेळेप्रमाणे लावताना नवरी आधी गृहप्रवेश करते आणि मग मंगळसूत्र घालते.

मग लाईट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कार्यालयातले स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण फोटोत आडवे पट्टे येतात. व्हिडिओ २५ फ्रेमला आणि शटर १/५० ला ठेवा, फ्लॅशशिवाय फोटो काढताना १/१०० वर राहा किंवा अँटी-फ्लिकर चालू करा. ३० फ्रेम आणि १/६० वर सोडलेला कॅमेरा म्हणजे पूर्ण व्हिडिओला लुकलुक, आणि ते मिक्सिंगवाल्याकडून धड निघत नाही.

हळदीला मांडवाचं कापड पिवळं, साडी पिवळी, हळद पिवळी, ऑटो व्हाईट बॅलन्स वेडा होतो. केल्विन (रंगाचं तापमान) हाताने लावा, उन्हात ५२०० च्या आसपास, आणि रॉमध्येच काढा. लेन्सवर यूव्ही फिल्टर आणि बॉडीला साधी प्लास्टिकची पिशवी, कारण पाणी कुठून येईल सांगता येत नाही. डीजेवाला लेझर लावणार असेल तर त्याच्याशी आधी बोला. लेझरचा बीम सरळ लेन्समध्ये गेला तर सेन्सरवर कायमची रेघ बसते, मिरवणुकीत असे कॅमेरे गेलेत. पुण्यात गणपतीला पोलिसांनी लेझरवर बंदी घातली ती लोकांच्या डोळ्यांसाठी, कॅमेऱ्याची काळजी आपली आपण.

लग्नाच्या दिवशी पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं लिहिलेलं असतं. पण पुढारी यायचे असतात, मग फेटे, मग स्वागत, मग आशीर्वादाची भाषणं, एकाने कारखान्याचा विषय काढला की दुसरा उत्तर देतो, आणि सव्वा-दीड वाजता अचानक "चला चला" म्हणत सगळं धावपळीत सुरू होतं. त्या वेळी तुमचा माणूस चहाला गेलेला नको.

अंतरपाट निघतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा आहे आणि सगळ्या लग्नात पार्टी सगळ्यात आधी शोधते तो हाच फोटो. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी जाऊन विचारायचं, "गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार?" त्या बाजूला उभं राहिलात तर चेहऱ्यांऐवजी कापडाचा फोटो मिळेल. एक कॅमेरा नवरदेवाच्या खांद्यामागून नवरीच्या चेहऱ्यावर, दुसरा बरोबर उलटा, तिसरा व्हिडिओचा उंच ट्रायपॉडवर वाईड, तो कोणी हलवायचा नाही. नवरीच्या मागे मामा उभे असतात, त्यांना हात जोडून सांगायचं, "मामा, अंतरपाट निघाला की अर्धं पाऊल मागे या." मामा ऐकतात, त्यांना पण त्या फोटोत नीट यायचं असतं. फ्लॅश फुल पॉवरवर ठेवायचा नाही, पहिला फोटो उजळ आणि पुढचे तीन काळे येतात, १/८ वर ठेवून आयएसओ वाढवा. अक्षता पडायला लागल्या की फोकस चेहरा सोडून हवेतल्या तांदळावर उडी मारतो, त्यासाठी आय फोकस चालू आणि ट्रॅकिंगची सेन्सिटिव्हिटी सगळ्यात कमी. "सावधान" म्हणताना क्लिक सुरू करा, नंतर नाही. हार घालेपर्यंत बोट काढू नका. आणि समोर पाहुण्यांचे मोबाईल घेतलेले वीस हात येणारच, चिडून उपयोग नाही, एक पायरीचं स्टूल गाडीत ठेवा.

यानंतर स्टेजवर आहेर आणि फोटोंची रांग, दोन-अडीच तास. नवीन पोरांना हे काम खालचं वाटतं, सगळ्यांना कॅन्डिड काढायचं असतं. माझं मत उलटं आहे. गावाकडे अल्बमची परीक्षा नवरीच्या डोळ्यातल्या पाण्याच्या फोटोवर होत नाही, "आमच्या आत्याबाईंचा फोटोच नाही" यावर होते. म्हणून दोन्ही घरांकडून एकेक माहीतगार माणूस मागून घ्या, बहुतेक नवरीची मावशी किंवा चुलतभाऊ असतो, त्याला स्टेजजवळ उभा करा, त्याने नाव पुकारायचं आणि तुम्ही काढायचं. यादी आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर मागवा. ट्रॅडिशनलला चांगला माणूस ठेवा आणि त्याला वेळेवर पैसे द्या, तुमचं नाव त्याच्या हातात आहे.

७. घरी आल्यावर

कितीही थकलेलं असा, झोपायच्या आधी कार्ड कॉपी करायची. दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, आणि दोन्ही एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत, एक दुकानात एक घरी. दोन कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फोर के व्हिडिओ १०० एमबीपीएसला घेतला तर तासाला ४५ जीबी जातात, त्यावर रॉ फोटो, म्हणजे डिस्कचा खर्च पण पॅकेजमध्ये धरायला लागतो. किती महिने डेटा सांभाळणार ते कागदात लिहा, नाहीतर तीन वर्षांनी बारशाला फोन येतो की लग्नाचे सगळे फोटो परत द्या.

आठवड्याच्या आत निवडक वीस-पंचवीस फोटो एडिट करून पाठवायचे. पाहुण्यांचे मोबाईलवरचे फोटो तोपर्यंत सगळीकडे फिरलेले असतात, त्यात तुमचे उठून दिसले की पुढच्या दोन ऑर्डरी तिथेच येतात. बाकी कलिंग (फोटो छाटणं), लाईटरूमवर एडिटिंग, व्हिडिओ मिक्सिंग हे सगळं स्वतः करायचा हट्ट धरू नका. अल्बम डिझाईन शीटच्या हिशेबाने करून देणारे भरपूर आहेत. सीझनमध्ये तुमचा एक दिवस कॉम्प्युटरसमोर गेला तर एक तारीख गेली.

आता खरं दुखणं. पेनड्राइव्ह दिला, फोटो निवडून द्या म्हणून सांगितलं, आणि पार्टी गायब. नवरा-नवरी आधी जेजुरीला, मग जागरण-गोंधळ, मग फिरायला, मग नोकरीवर, आणि चार हजार फोटोंतून दीडशे निवडायला कुणाला वेळ नसतो. अल्बम नाही म्हणून बाकी पण नाही. याला उपाय दोन. पेनड्राइव्हमध्ये चार हजार टाकायचे नाहीत, स्वतः छाटून सहाशे-सातशेच द्यायचे. आणि कागदात ओळ टाकायची की ४५ दिवसांत निवड आली नाही तर फोटोग्राफर स्वतः निवडून अल्बम छापेल. पन्नासाव्या दिवशी डिझाईनचं पीडीएफ पाठवलं की लगेच फोन येतो, कारण त्यात आत्या नसते.

वसुलीला फोन करताना रागाने काही होत नाही. "उसाचं बिल आलं की देतो" हे उत्तर आमच्याकडे ठरलेलं. कायद्याने चौदा दिवसांत बिल मिळायला पाहिजे पण कारखाना काय करतो ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे तो माणूस खोटं बोलत असतोच असं नाही. पण म्हणूनच ९० टक्के आधी घ्यायचे. उरलेल्यासाठी अल्बम तयार झाल्याचा फोटो नवरीला आणि तिच्या आईला पाठवा, नवरदेवाच्या वडिलांना नाही. पैसे लवकर येतात.

८. चातुर्मासात काय करायचं

चार महिने रिकामे बसलात तर सीझनची कमाई गणपतीपर्यंत संपते. बारसं, डोहाळेजेवण, पहिला वाढदिवस ही कामं वर्षभर असतात आणि तीच पार्टी परत येते. शाळांचे ग्रुप फोटो आणि आयकार्ड, डिसेंबरात स्नेहसंमेलनं. सराफांचे दागिने, साडीच्या दुकानांचा नवीन माल, हॉटेलवाल्यांना झोमॅटो-स्विगीवर टाकायला ताटांचे फोटो, ही कामं दरमहा ठरलेल्या पैशांवर मिळाली तर घ्याच, महिन्याला पाच हजारांचे तीन ग्राहक म्हणजे कॅमेऱ्याचा हप्ता सुटला. आणि निवडणूक आली की भावी सरपंच, भावी नगरसेवक सगळ्यांना फ्लेक्ससाठी हात जोडलेला फोटो पाहिजे असतो. हे पैसे मात्र रोख आणि जागेवर, निकालानंतर भावी माणूस फोन उचलत नाही.

९. कागदपत्रं, जीएसटी, ड्रोन

उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला हजार रुपये देऊ नका. दुकानात मोजकीच माणसं असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे ऑनलाईन सूचना दिली की झालं. चालू खातं काढा आणि रिटर्न पहिल्या वर्षापासून भरा, पुढचं कर्ज त्यावरच मिळतं.

जीएसटीची मर्यादा सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. उलाढाल म्हणजे नफा नाही, पूर्ण पॅकेज. वरच्या उदाहरणात ६०,००० ची ३० लग्नं म्हणजे १८ लाख झाले, तुमच्या हातात ३ लाख आले तरी. आणखी चार लग्नं घेतली की मर्यादा ओलांडली, आणि मग १८ टक्के लावले की साठचं पॅकेज ७०,८०० होतं. पार्टीला त्याचा काही परतावा मिळत नाही, तिला ती सरळ दरवाढच वाटते. त्यामुळे पंचवीस लग्नांच्या पुढे गेलात की सीएकडे बसून ठरवा, नोंदणी केली तर कॅमेरा आणि लॅबच्या बिलावरचा जीएसटी वळता करता येतो, म्हणून बिलं फाडून टाकू नका.

फोटो कोणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. बहुतेक फोटोग्राफरना हे उलटं वाटतं. म्हणून पेजवर आणि दुकानाच्या काचेत फोटो लावायची परवानगी त्याच दोन पानी कागदात मागून घ्या, आणि कोणी नको म्हटलं तर खरंच लावू नका.

ड्रोन स्वतः घ्यायची घाई करू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याला नोंदणी क्रमांक लागतो, २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट पण लागतं, आणि फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, म्हणजे बाजारात जे "बॉक्स पीस" म्हणून मिळतं त्याचं बिल आधी मागा. विमानतळाच्या आसपास वेगळे नियम, आमच्या कराडलाच विमानतळ आहे, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय होय म्हणायचं नाही. सर्टिफिकेटवाला ऑपरेटर दिवसावर बोलवा आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरा.

नोकरी कधी सोडायची हे शेवटचं. मी पोरांना सांगतो, दिवाळीच्या आत येणाऱ्या सीझनची १५ बुकिंग ॲडव्हान्ससकट वहीत असतील, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा असेल आणि दर महिन्याचं ठरलेलं काम देणारे दोन तरी ग्राहक असतील, तर राजीनामा द्या. तोपर्यंत सुट्टी टाकून मोठ्या तिथी करा, कंपनीत आत्याच्या पोरीचं लग्न सांगितलं की रजा मिळते.